सदूच्या कोटातली माणसं

भाईंदर पूर्वेला गेल्या कित्येक वर्षांत जी साधीसुधी माणसं वारली, ती बहुतेक एकाच कोटात वारली. निळसर काळा कोट, आत पांढरा सदरा, खिशातून डोकावणारं रुमालाचं टोक. ज्याने हयातभर बनियनवर दिवस काढले, तोही तेराव्याच्या आत नाक्यावरच्या बॅनरवर कोट घालून उभा राहायचा. बघणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे. मेल्या माणसाला बरे कपडे घालावेत एवढंच घरच्यांचं मागणं असतं, आणि ते मागणं महिपत गोताड पुरवत आला होता.

महिपत मूळचा गुहागर तालुक्यातला, कुणब्याच्या घरचा. जेसल पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाच्या चक्कीला चिकटून त्याचा गाळा. गाळा म्हणजे काय, बैल आत घातला तर उलट्या पावलीच बाहेर काढावा लागेल एवढी जागा. त्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन स्टुलं, आणि चक्कीतून उडून सगळ्यावर बसलेलं पीठ. वाढदिवसाचे, सत्यनारायणाचे, पास झालेल्या पोरांचे बॅनर तो बनवायचाच, पण हात बसला होता तो श्रद्धांजलीवर. छपाई त्याच्याकडे नव्हती. तो मांडणी करून फाइल प्रेसला पाठवायचा, आणि प्रेसची माणसं फ्लेक्स छापून, बांबूला ताणून परस्पर नाक्यावर बांधून यायची.

लोक फोटो आणत ते एकेक नमुने. कुणी विसर्जनात नाचतानाचा, कुणी दवाखान्यातल्या खाटेवरचा, कुणी पंगतीत तोंडात जिलबी धरलेला. महिपत त्यातलं डोकं तेवढं काढून घ्यायचा, कोटाच्या कॉलरवर बसवायचा, मानेचा रंग जुळवायचा, हनुवटीखाली थोडी सावली टाकायचा. "बाबा जरा बारीक दिसतायत, पण रुबाब आलाय," असं कुणी ना कुणी हटकून म्हणे. बारीक दिसणारच. खांदे आणि मान सदूची होती.

सदू महिपतचा धाकटा भाऊ. त्याला गावाहून महिपतनेच आणलं होतं. मुलीकडे दाखवायला म्हणून स्टुडिओत नेऊन फोटो काढला. कोट स्टुडिओवाल्याचा, सदूला ढगळ. पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून आवळला तेव्हा कुठे अंगाला बसला. फोटो झाला आणि रस्त्यावर येऊन सदू म्हणाला, "दादा, मला लगीन नको. मी चौकला जातो. बोटीवर खलाशी म्हणून घेतायत मला."

महिपतने भर बाजारात त्याच्या कानफटात दिली. "जा," म्हणाला, "परत तोंड दाखवू नको."

सदू गेला. उत्तनच्या पुढच्या चौक गावातून बोट निघाली, गुजरातच्या एका बंदरात बर्फ घ्यायला थांबली. सदू तंबाखू आणायला उतरला तो परत चढलाच नाही. खलाशांनी हाका मारल्या, बोट चालवणाऱ्या तांडेलाने वाट पाहिली, मग ओहोटीचं पाणी उतरायला लागलं तशी बोट सोडली. बुडाला म्हणावं तर पायाखाली जमीन होती. पळाला म्हणावं तर कपड्यांची पिशवी बोटीतच. महिपत त्या बंदरापर्यंत जाऊन आला. पोलिसांना फोटो देऊन आला. तोच, कोटातला.

तेव्हापासून सदू घरात ना मेलेला ना जिवंत. भिंतीवर फोटो लावता येईना, कारण लावला तर हार घालायचा का नाही? पितृपक्षात कावळ्याला वाडी, म्हणजे जेवणाचं पान, ठेवताना त्याचं नाव घ्यायचं का गाळायचं? बारा वर्षं उलटली तेव्हा गावच्या भटजींनी सांगितलं, पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्या, रीत आहे तशी, त्याचाही जीव सुटेल आणि तुमचाही. महिपत म्हणाला, "आई तयार व्हायची नाही." भावकीने विचारलं, त्यांनाही तेच. दर वर्षी विचारणं तेच, उत्तर तेच. आई, म्हणजे सरूबाई, तेव्हा आतल्या खोलीत लसूण सोलत बसलेली असायची. सदूला मेला म्हणायचं का नाही, आणि म्हणायचं तर पहिल्यांदा कुणी, ह्या एका गोष्टीवर ते घर अडून बसलं होतं.

कोटाचं असं झालं. एकदा एक गिऱ्हाईक घाईत आलं. बापाचा फोटो उघड्या अंगाचा. महिपतच्या मशीनमध्ये कोटातला फोटो एकच होता. त्याने सदूचा चेहरा वेगळा केला आणि त्या जागी गिऱ्हाइकाचा बाप बसवला. सदूचं डोकं मात्र त्याला पुसून टाकवेना. सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक लेअर असतात, काचा रचाव्यात तशा. प्रत्येक लेअरशेजारी डोळ्याची बारीक खूण. तिच्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि तो लेअर दिसेनासा होतो. असतो तिथेच, पण छापला जात नाही. महिपतने सदूचा डोळा मिटवला. पुढे तीच फाइल साचा झाली. जो जो मेला त्याच्या तोंडावर, सगळ्यांत वरच्या लेअरवर, सदू डोळा मिटून बसलेला.

आणि आणखी एक होतं, जे महिपतने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मशीन जुनं, दम लागलेलं. फाइल उघडताना ते लेअर एकेक करून दाखवायचं: आधी पाठीमागचं आभाळ, मग फुलं, समई, मग कोट, आणि मग पापणी लवायच्या आत सदूचं तोंड. पूर्ण, हसरं, कपाळावर केस आलेलं. लगेच पुसलं जायचं आणि खालचा मेलेला माणूस वर यायचा. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. महिपत मात्र फाइल उघडायच्या आधी खुर्ची पुढे ओढून बसायचा. कधी कधी काम नसतानाही उघडायचा.

म्हणून तो मशीन बदलत नव्हता. लोकांना वाटे, चिकट आहे.

त्याची मुलगी संचिता एका कंपनीत कॉम्प्युटर बिघडले की फोनवरून नीट करून द्यायच्या कामाला होती. प्रेसने कळवलं की जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली आता चालणार नाहीत, नवं टाका, तेव्हा ती गाळ्यात येऊन बसली.

"पप्पा, इन्स्टॉल करायच्या आधी सिस्टीम रिक्वायरमेंट बघायची. डायरेक्ट टाकायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या सॉफ्टवेअरला काय काय लागतं ते कंपनीने लिहिलेलं असतं. किती रॅम, कुठलं विंडोज, डिस्कवर किती जागा, ग्राफिक कार्ड कुठलं. ते आपल्या मशीनमध्ये आहे का ते बघायचं. त्यांनी एक छोटा चेकरपण दिलाय. तो रन केला की तोच सांगतो."

"नांगराला जुंपायच्या आधी पाड्याचे दात बघतात तसं."

"तसं. आणि मला वाटतं तुमचा पाडा नाही, म्हातारा बैल आहे. चेकरने लाल फुली मारली तर नवीन मशीन घ्यायचं. मी घेऊन देते. नाटकं नाही करायची."

"बघतो."

"बघतो नाही. आज रन करा, काय आलं ते मला फोन करून सांगा. लाल आलं तर टाकू नका, पिवळं आलं तरी टाकू नका."

ती कामावर गेली. महिपतने चेकर चालू केला आणि हात मांडीखाली घेऊन बसला. नवं मशीन म्हणजे वेगवान मशीन. फाइल टिचकीसरशी उघडणार, आणि त्या उघडण्यात सदूला मावायला फट राहणार नाही. पडद्यावर एकेक ओळ सरकत गेली. विंडोज, हिरवं. डिस्कवर जागा, हिरवी. रॅम, काठावर पण हिरवी. ग्राफिक कार्डाशी येऊन चक्र फिरत राहिलं, आणि मग पिवळा त्रिकोण उमटला. खाली इंग्रजीत बारीक मजकूर, आणि त्याखाली दोन बटणं: थांबा, किंवा तरीही पुढे चला.

तेवढ्यात दारात माणूस उभा राहिला. कौस्तुभ महाडिक, पलीकडच्या बिल्डिंगमधला, मूळ पोलादपूरकडचा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"गोताड काका, नानासाहेब गेले. काल." नानासाहेब म्हणजे त्याचे वडील. "उद्या सकाळी लोक बसायला येणार आहेत. नाक्यावर बॅनर लागला पाहिजे. फोटो हा एवढाच आहे." मोबाइलवर नानासाहेब गच्चीत, खांद्यावर टॉवेल, हातात पापडाची परात.

"लागेल," महिपत म्हणाला. "कोट घालू?"

"घाला. त्यांना आवडलं असतं." कौस्तुभ स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

जुन्यात काम केलं तर प्रेस घेणार नाही. थांबलो तर नवं मशीन दारात येणार. महिपतने 'तरीही पुढे चला' दाबलं. मग पुढे, पुढे, पुढे. सॉफ्टवेअर बसलं. संचिताचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "सगळं हिरवं आलं गं."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू?"

साच्याची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. रडतखडत, पण उघडली. सदू त्या लवलवत्या क्षणात दिसला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दिसला, आणि महिपतला बरं वाटलं. मग त्याने नानासाहेबांचं डोकं बसवलं, सावली टाकली. कौस्तुभने पडद्यावर बघून मान हलवली. "छान दिसतायत." फाइल प्रेसला गेली.

सकाळी महिपतची बायको उर्मिला स्टीलच्या कारखान्यात कामाला गेली होती, सरूबाई भाजी आणायला. महिपत चहा पीत होता तोच कौस्तुभचा फोन.

"काका, हा कोण लावलाय तुम्ही?"

"म्हणजे?"

"नाव नानासाहेबांचं. फोटोत दुसराच कुणी पोरगा हसतोय. मी बघून आलो आत्ता. माझ्या मावश्या रडायच्या थांबून विचारतायत, हा कोण म्हणून!"

महिपत पायात एकाच पट्ट्याची चप्पल अडकवून पळाला. नाक्यावर बांबूला ताणलेला दहा फुटी फ्लेक्स, वाऱ्याने पोट फुगवून हलत होता. पाकळ्या, समई, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधोमध सदू. एवढा मोठा महिपतने त्याला कधी बघितला नव्हता. एकेक दात टीचभर. फ्लेक्स हलला की खांदे हलत होते. इतकी वर्षं जो पापणीच्या फटीतून येऊन जात होता, तो आता जायचं नावच घेत नव्हता.

पुढे संचिताने ते उलगडून सांगितलं. ग्राफिक कार्ड कमी पडलं की पडद्यावर जे दिसतं ते जुनं, साठवलेलं चित्र असतं, आणि प्रेसला जातं ते वेगळंच. जुनी फाइल नव्यात येताना सगळे मिटलेले डोळे उघडले होते. पिवळ्या त्रिकोणाखाली तेच लिहिलं होतं. पण ते नंतर.

बॅनरच्या खाली, गटाराच्या कठड्यावर, सरूबाई बसली होती. भाजीची पिशवी मांडीवर. तिला वाचता येत नव्हतं. समई आणि फुलं कशाला असतात ते कळायला वाचावं लागत नाही.

"कवा कळला तुला?" तिने वर न बघता विचारलं.

"आये, ऊठ. तसं काय नाय."

"ह्यो सदू न्हाय?"

"सदूच हाय. पण ती मशीनची चूक झाली."

"मशीनीला कुठना म्हाईत माज्या पोराचा तोंड?"

महिपतने सांगितलं. उभ्याउभ्या, रिक्षांच्या भोंग्यांत, जमेल तेवढं. कोटाचं सांगितलं, लेअरचं सांगितलं. फाइल उघडताना सदू दिसतो ते सांगितलं नाही. सरूबाई पिशवीतली मेथी चाचपत ऐकत होती.

"म्हंजी ह्या समद्या मढ्यांना त्येचा कोट घातलास."

"व्हय."

"आनि त्यो? त्यो उघडाच फिरतोय?"

महिपतने तिच्या मांडीवरची पिशवी उचलायला हात पुढे केला. तोवर कौस्तुभ दोन पाहुण्यांना घेऊन आला, आणि आल्या आल्या त्याने महिपतच्या छातीवर बोट ठेवलं.

"मला एक सांगा. माझा बाप मेलाय, का तुमचं माणूस?"

महिपतने नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याच्याआधी सरूबाई उठली, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत.

"दोनी गेले, बाबा," ती म्हणाली. "तुजा आत्ता गेला, माजा कवाचा. तुज्या बापाच्या जाग्यावर आला, त्येला माफी कर. लहानपनापास्ना असाच, कुठंबी घुसायचा."

कौस्तुभचं बोट खाली आलं. त्याने वर बघितलं, मग म्हातारीकडे. नाकाची ठेवण तीच होती. "दुपारपर्यंत बदलून द्या," एवढंच पुटपुटला, आणि पाहुण्यांना घेऊन बाजूला झाला.

"आये, काय बोललीस तू? भर रस्त्यात?" महिपतचा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुला तो गेला म्हणून?"

"घरी चल."

वाटेत महिपतने संचिताला फोन केला, खोटं बोललो ते कबूल केलं, गाळ्यात जाऊन नानासाहेबांची फाइल तुझ्या लॅपटॉपवर नीट कर म्हणून सांगितलं. तिने रागाने फोन कापला.

घरी येताच सरूबाईने मेथी ओट्यावर टाकली, बादली नळाखाली लावली आणि मोरीत शिरली. दार लावलं नाही. महिपतला कळलं. मयताची बातमी कितीही उशिरा येवो, ऐकणाऱ्याने अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. गावाकडे सगळ्यांची ही रीत. ज्याच्या नावाने पाणी पडलं तो मेला. मग त्याचं पुढचं सगळं करावंच लागतं. एकदा अंगावर घेतलेलं पाणी मागे घेता येत नाही.

"आये, थांब. नक्की काय ठाऊक नाय आपल्याला. उद्या येईलबी."

तांब्या बादलीवर आपटला. सरूबाईने डोक्यावर पाणी ओतलं, लुगड्यासकट. एकदा, दोनदा, मग भराभर. बाहेर आली तेव्हा केस गालाला चिकटले होते, आणि ती कुणी अनोळखी बारीकशी बाई दिसत होती.

"जा. तुज्यापुरता हाय पानी."

"तू कधी तयार नव्हतीस, आये. इतकी वर्सं. आज काय एका बॅनरवरनं—"

"मी?" ती त्याच्याकडे वळली. तिच्या लुगड्यातून लादीवर पाणी गळत होतं. "भटजी इचारायचा, तू बोलायचास आवस तयार न्हाय. भावकी इचारायची, तू बोलायचास आवस तयार न्हाय. मला कवा इचारलास? मी आत लसून सोलीत ऐकायची. मला वाटायचा, ह्येला जमना झालाय. मारलेला हात हाय ह्येचा. घिऊ दे येळ. मी माजी आंगोळ तुज्यासाटी थांबवून ठेवली, म्हयपता."

महिपत मोरीच्या उंबऱ्यावर बसला. बादलीत अर्धं पाणी होतं, हलत होतं. खिशात फोन वाजला.

"पप्पा, महाडिकांचं झालंय," संचिताचा आवाज. राग उतरला होता, थकलेला होता. "पण वरच्या लेअरवर तो... सदूकाका आहे ना तो? लेअर ठेवला तर प्रेसवाला फाइल घ्यायला तयार नाही, घाबरलाय तो आता. काढून टाकावा लागेल. आणि साचा एवढा एकच आहे, तोही बिघडलाय, दुसरी कॉपी होत नाही. मूळ फोटोपण नाही सापडत. काढला की गेला. काढू?"

महिपत उंबऱ्यावरून उठून मोरीत शिरला.

"पप्पा? ऐकू येतंय?"

त्याने फोन साबणाच्या फळीवर ठेवला. शर्टाच्या बाह्या वर करायला लागला, मग तसल्या अंघोळीला बाह्या कशाला, म्हणून सोडून दिल्या. तांब्या बुडवला. धरून राहिला.

"वत," बाहेरून सरूबाई म्हणाली.

"काढ," महिपत फळीकडे तोंड करून म्हणाला, आणि ओतलं.

पाणी गार होतं, टाकीच्या तळाचं. डोळे आपोआप मिटले. आभाळ आलं, फुलं आली, समई आली, कोट आला. महिपत श्वास धरून थांबला, आता तोंड येईल म्हणून. कॉलरच्या वर काहीच आलं नाही. तो थांबूनच राहिला. बाहेर सरूबाई लुगड्याचा पदर पिळत होती, फोनमधून संचिता "झालं पप्पा, पाठवली" म्हणत होती, आणि इतकी वर्षं त्या चेहऱ्याला जेवढा भ्याला नसेल तेवढा महिपत त्या रिकाम्या कॉलरला भ्याला. मग त्याने चाचपडत तांब्या शोधला आणि दुसरं पाणी घेतलं.